वेळूचे वय



या सदरात आजवर लवंग, जायफळ, डिंक, टाकणखार अशा, आपल्या गादीसमोरून पिढ्यानपिढ्या गेलेल्या मालाची कुळकथा सांगितली. या अंकातला विषय मात्र आपल्यापैकी फार थोड्यांच्या वखारीत उतरला असेल. आमच्या घरी तो एका रंगीत माहितीपत्रकातून आला. गेल्या दिवाळीत, वहीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, पुतण्याने ते गुळगुळीत पत्रक माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाला, "काका, शिरूरजवळची आपली अकरा एकर नुसती पडून आहे. यात घालू या का?"

पत्रकाच्या मुखपृष्ठावर एका माणसाने वेळूचे खोड धरले होते आणि त्याचे दोन्ही पंजे त्याला पुरत नव्हते. आत मजकूर असा: महाकाय वेळूची प्रयोगशाळेत वाढवलेली रोपे, एकरी ४३५, चौथ्या वर्षापासून तोड, त्यापुढे साठ वर्षे अखंड उत्पन्न, पाणी नाममात्र, राखण नाममात्र. शेवटच्या पानावर कोष्टक होते आणि कोष्टकाच्या तळाला असा आकडा होता, की तो वाचून माणसाने दुकानाची किल्ली शेजाऱ्याच्या हातात द्यावी.

मी पत्रक बाजूला ठेवले नाही, कारण हा वेळू मी पाहिलेला होता. पुष्कळ वर्षांपूर्वी मसाल्याच्या खरेदीसाठी श्रीलंकेत मातले भागात गेलो असता कँडीजवळच्या पेरादेनिया येथील वनस्पती उद्यानात एक सकाळ काढली होती. महावेली नदी तिथे वळसा घेऊन उद्यानाला तिन्ही बाजूंनी कवटाळते. कँडीच्या राजांचा बगीचा असलेल्या या जागी इंग्रजांनी १८२१ साली वनस्पती उद्यान उभे केले. दुसऱ्या महायुद्धात लॉर्ड माउंटबॅटन यांनी आपले आग्नेय आशियाचे लष्करी मुख्यालयही याच झाडांच्या सावलीत थाटले होते. पण प्रवासी तिथे जातात ते नदीकाठचे वेळू पाहायला. सिंहली भाषेत त्याला 'योध उण' म्हणतात, म्हणजे राक्षसी वेळू.

आपण आपल्याकडचे कळकाचे बेट पाहिलेले असते, म्हणून वाटते की हेही त्यातलेच, थोडे मोठे. तसे नाही. २५ ते ३० मीटर उंच, म्हणजे आठ-नऊ मजली इमारतीएवढी खोडे, एकमेकांना खेटून, एका मुळातून निघालेली. एकेका खोडाचा व्यास २० ते ३० सेंटीमीटर. रंग राखाडी हिरवा, नव्या खोडावर पांढरी पूड धरलेली, बोटाने रेघ ओढली तर उमटते. वरून वारा आला की शेंडे हलतात आणि खाली, जिथे आपण उभे असतो तिथे, खोडे एकमेकांवर घासून करकर आवाज होतो. जुन्या वाड्यातल्या जिन्यासारखा. बुंध्याशी त्या वेळी दोन-तीन कोंब निघालेले होते. माणसाच्या मांडीएवढे जाड, काळपट लवेच्या सोपटात गुंडाळलेले, आणि उंची जेमतेम गुडघ्याएवढी. बरोबरचा माळी म्हणाला, परवा या, हा कोंब तुमच्या छातीला लागेल. मी ते अतिशयोक्तीत जमा केले. पुढे वाचले तेव्हा कळले की भर पावसाळ्यात हा वेळू दिवसाला फूटभर आणि कधी त्याहूनही अधिक वाढतो. माळ्याने फारशी भर घातलेली नव्हती.

इथे वेळूची एक गोष्ट सांगायला हवी, जी व्यापाऱ्याला पटकन उमगेल. आंबा, साग, बाभूळ यांचे खोड दरवर्षी उंचीने आणि जाडीनेही वाढते. त्यांच्या कापलेल्या बुंध्यावर वर्षांची वर्तुळे मोजता येतात. वेळू हे झाड नव्हेच, ते गवत आहे. ज्वारी, ऊस, दूर्वा यांच्या कुळातले. त्याचा कोंब जमिनीतून बाहेर येतो तो आपली पुरी जाडी घेऊनच. नंतर तो फक्त लांबतो, दुर्बिणीची नळी उलगडावी तसा. तीन-चार महिन्यांत उंची पुरी होते. पुढची तीन वर्षे तो आत घट्ट होत जातो. बाहेरून पाहणाऱ्याला पहिल्या वर्षाचा आणि चौथ्या वर्षाचा वेळू सारखाच दिसतो. पहिल्या वर्षाचा कापला तर वाळून सुरकुततो आणि भुंगा त्याचे पीठ करतो. जाणता तोडणारा टिचकी मारून आवाज ऐकतो.

याचा दुसरा अर्थ असा की खोडाची जाडी मुळावर ठरते. लावलेले रोप पहिल्या वर्षी बोटाएवढी काडी देते, दुसऱ्या वर्षी अंगठ्याएवढी, तिसऱ्या वर्षी मनगटाएवढी. जमिनीखालचे भांडवल जसजसे साठते तसतसा नवा कोंब जाड निघतो. पेरादेनियासारखी खोडे यायला चांगल्या नदीकाठच्या मातीतही सात-आठ पावसाळे जावे लागतात. म्हणजे पत्रकातली चौथ्या वर्षाची तोड खोटी नव्हती. फक्त मुखपृष्ठावर छापलेला वेळू चौथ्या वर्षाचा नव्हता.

या जातीला शास्त्रीय नाव दिले ते विल्यम मन्रो या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने. हिंदुस्थानात सैन्यात नोकरी करता करता गवतांचा अभ्यास करणारा हा गृहस्थ. १८६८ साली त्याने वेळूंवर जो मोठा प्रबंध प्रसिद्ध केला, त्यात ही जात 'डेंड्रोकॅलॅमस जायगँटियस' म्हणून नोंदली गेली. पहिल्या शब्दाचा अर्थ झाडासारखा बोरू, दुसऱ्याचा अर्थ उघडच आहे. तिचे मूळ घर दक्षिण ब्रह्मदेश, उत्तर थायलंड आणि चीनचा युन्नान प्रांत या पट्ट्यात. ब्रह्मदेशात तिला 'वाबो' म्हणतात. तिथे तिच्या एका पेराची घागर होते, कापलेल्या खोडाची पन्हळ होते, होडीची डोलकाठी होते. आपल्या ईशान्येकडच्या राज्यांतही ती लोकांनी घराजवळ, ओढ्याकाठी लावून सांभाळली आहे. मुसळधार पाऊस, दमट हवा आणि खोल गाळाची माती ही तिची तीन मागणी. शिरूरच्या मुरमाड उतारावर यातले एकही नाही, हे पुतण्याला सांगायला वनस्पतिशास्त्राची गरज नव्हती. पण तो म्हणाला, ठिबक टाकू. तेव्हा मला पुढे जावे लागले.

पुढे जाण्यापूर्वी मुळाबद्दल थोडे विषयांतर करतो, कारण ते आपल्या घरचे आहे. पाठशाळेत चार कषाय शिकताना माया, म्हणजे कपट, याच्या चार पायऱ्या आपण सर्वांनी पाठ केल्या आहेत. प्रत्येक पायरीला वाकडेपणाची एक उपमा आहे आणि त्यात सर्वांत वाकडी, कधीही सरळ न होणारी, ती वेळूच्या मुळाची. मेंढ्याचे शिंगसुद्धा तिच्याहून कमी वाकडे मानले आहे. लहानपणी मला हे कळत नसे. वेळू तर सरळ, मग मूळ इतके वाकडे कसे? मग कळले की जगातल्या वेळूंच्या दोन तऱ्हा आहेत. चीन-जपानकडच्या थंड मुलखातल्या कित्येक जातींचे मूळखोड जमिनीखालून दोरीसारखे लांब पळते आणि वाटेत कोंब सोडत जाते. त्यांचे रान पसरते, बेट होत नाही. आपल्याकडच्या बहुतेक जाती, आणि हा महाकाय वेळूही, बेट करणाऱ्या. त्यांचे मूळखोड आखूड, खोडाहूनही जाड, आणि आकड्यासारखे वर वळून स्वतःच नवा वेळू होणारे. त्याच्या कुशीतून दुसरा आकडा, त्यातून तिसरा. पन्नास वर्षांच्या बेटाखाली काय गुंता झालेला असतो, याची कल्पना ते कुदळीने उपटायला गेलेल्यालाच येते. ज्यांनी ती उपमा दिली त्यांनी बेटाचा वेळू उकरून पाहिलेला होता, यात मला शंका वाटत नाही.

आणि याच गुंत्यात वेळूचे खरे वय दडलेले असते. पत्रकात ज्याचा एका ओळीतही उल्लेख नव्हता, ते हे.

संस्कृतात 'वंश' या शब्दाचे दोन अर्थ आहेत: वेळू आणि कूळ. पेरावर पेर चढावे तशी पिढीवर पिढी, असे त्याचे स्पष्टीकरण देतात. मला मात्र हा शब्द वेगळ्या कारणाने चपखल वाटतो. वेळू बहुधा आयुष्यात एकदाच फुलतो आणि फुलून बी धरले की मरतो. हे आयुष्य जातीनुसार वीस-पंचवीस वर्षांपासून शंभरहून अधिक वर्षांपर्यंत असते. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या जंगलातला मानवेल साधारण २५ ते ४५ वर्षांनी फुलतो. महाकाय वेळू कित्येक दशके थांबतो. कधी त्याचे एखादेच बेट फुलते, कधी अनेक. आता विशेष असे, की हे आयुष्य मोजायचे ते खोडाचे नव्हे, बेटाचेही नव्हे, तर ज्या बीजातून तो वंश निघाला त्या बीजाचे. बेटातून कंद काढून दुसऱ्या गावी लावला, पेराची कलमे करून शंभर शेतांत वाटली, तरी त्या सर्वांचे घड्याळ मूळ बीजाबरोबर सुरू झालेलेच राहते. काल लावलेले रोप उद्या चाळीस वर्षांचे असू शकते.

याचा सर्वांत बोलका दाखला महाकाय नसलेल्या, पण बेटच करणाऱ्या एका वेळूने दिला आहे. १९०७ साली अर्नेस्ट विल्सन हा वनस्पती-संग्राहक चीनच्या हुपे प्रांतातून एक रोप घेऊन आला. ते अमेरिकेतून १९१३ च्या सुमारास इंग्लंडमधील क्यू उद्यानात पोहोचले. विल्सनच्या मुलीचे, म्युरिएलचे, नाव त्याला मिळाले. देखणा, थंडी सोसणारा, शिस्तीत बेट करून राहणारा हा वेळू युरोपातल्या बागांना इतका आवडला की त्या एका रोपाचे तुकडे करून करून त्याची असंख्य बेटे झाली. मग १९७० च्या दशकात डेन्मार्कमध्ये त्याला फुले आली, आणि पुढच्या वीसेक वर्षांत देशोदेशींच्या बागांतली त्याची बेटे फुलून मरत गेली. आदल्या वर्षी रोपवाटिकेतून घेतलेले कुंडीतले रोपही फुलले आणि गेले. गिऱ्हाइकाने नवा माल समजून घेतला होता. विकणाऱ्यालाही तो नवाच वाटत होता. दोघेही प्रामाणिक होते.

वेळू इतकी वर्षे का थांबतो आणि मग सगळे मिळून एकदम का फुलतो, यावर डॅनिएल जॅन्झन या अमेरिकी शास्त्रज्ञाने १९७६ साली मांडलेला विचार आपल्या बाजारपेठेच्या माणसाला लगेच पटावा. वेळूचे बी उंदीर, पाखरे, रानडुकरे सगळेच खातात. दरवर्षी थोडे बी धरले तर खाणारे दरवर्षी ते फस्त करतील. पण अनेक वर्षे काहीच दिले नाही, खाणाऱ्यांची संख्या त्या जोरावर वाढू दिली नाही, आणि मग एका हंगामात डोंगर भरून माल ओतला, तर सगळ्यांनी पोटभर खाऊनही रुजायला पुरेसे उरते. एकटे, अवेळी फुललेले बेट मात्र पुरते लुटले जाते.

हा डोंगरभर माल माणसाच्या किती अंगावर येऊ शकतो, हे मिझोरमने भोगले आहे. तिथला 'माउ' हा वेळू सुमारे ४८ वर्षांनी फुलतो. १९११, १९५९, २००७ अशी त्याची मोजणी. फळ पेरूएवढे, गराने भरलेले. ते खाऊन उंदीर बेसुमार वाढतात, फळ संपले की रातोरात भाताच्या शेतांवर आणि कणग्यांवर उतरतात. त्या दुष्काळाला मिझो लोक 'माउताम' म्हणतात. १९५९ मध्ये डोंगरातल्या जुन्या माणसांनी आधीच सांगितले होते. सरकारी यंत्रणेने ते गांभीर्याने घेतले नाही. भुकेल्या गावांना धान्य पोहोचवण्यासाठी जी मिझो दुष्काळ संघटना उभी राहिली, तिचेच १९६१ मध्ये लालडेंगा यांच्या नेतृत्वाखाली मिझो नॅशनल फ्रंट झाले. १९६६ चे बंड, वीस वर्षांचा संघर्ष, १९८६ चा करार, १९८७ मध्ये स्वतंत्र राज्य, ही सगळी साखळी एका गवताच्या फुलोऱ्यापासून सुरू झाली असे म्हणणे अपुरे ठरेल, पण तो फुलोरा वगळून ती सांगताही येत नाही. २००७ च्या वेळेस मात्र तयारी आधीपासून झाली होती. तारीख ठाऊक होती.

पुतण्याने हे सर्व शांतपणे ऐकले आणि एक बिनतोड मुद्दा काढला. "काका, पण ही रोपे कलमाची नाहीत, प्रयोगशाळेतली आहेत. नवी."

मला आनंद वाटला, कारण याचे उत्तर आपल्या पुण्यातच आहे. पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत रजनी नाडगौडा, पारशरामी आणि मस्करेन्हस या शास्त्रज्ञांनी वेळूची रोपे काचनळीत वाढवली, तेव्हा एरवी दशके थांबणाऱ्या त्या जातींना काही महिन्यांतच, बोटाएवढ्या असताना, फुले आली. १९९० साली 'नेचर' या नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले आणि जगभर त्याची चर्चा झाली. शास्त्राच्या दृष्टीने ती मोठीच गोष्ट, कारण वेळूचे घड्याळ बाहेरून ढकलता येते हे दिसले आणि संकरासाठी दोन जाती एकाच वेळी फुलवण्याची वाट सापडली. आपल्यापुरता अर्थ इतकाच की काचनळीतून आले म्हणून रोप निष्पाप ठरत नाही. ते कोणत्या बेटाच्या डोळ्यापासून केले, आणि ते बेट कोणत्या वर्षीच्या बीजाचे, हा प्रश्न तसाच राहतो. बीपासून काचनळीत वाढवले असेल तर गोष्ट वेगळी. मग तसे लिहून द्यावे.

मी त्याला कागद घ्यायला सांगितले. आम्ही तीन प्रश्न लिहिले. मातृबेट कोठले आणि त्याचे बीज केव्हाचे? तुमच्या याच जातीचे दहा वर्षांचे बेट कोठे पाहायला मिळेल? आणि कोष्टकातल्या दराने माल घेण्याची हमी कोण, कोणत्या मुदतीची, कोणत्या कागदावर देणार? चौथा प्रश्न मी स्वतःच सोडवला. ४३५ हा आकडा दहा फूट बाय दहा फूट अंतराने येतो. महाकाय वेळूच्या बेटांत सात ते दहा मीटर अंतर ठेवावे लागते. आठ मीटर धरले तर एकरात ६३ बेटे बसतात. ४३५ रोपांचे पैसे पहिल्याच वर्षी द्यायचे, आणि पुढे बेटेच एकमेकांना रेटून त्यातली बरीचशी बाद करणार. रोपे विकणाऱ्याचा धंदा त्यातून उत्तम होतो, हे नाकारत नाही.

वेळूच्या बाजाराबद्दल इथे दोन शब्द. लोकांना वाटते वेळूला गिऱ्हाईक नाही. ते चूक. मोठी अडचण कायद्याची होती: १९२७ च्या वन कायद्यात वेळूची गणना 'झाडा'त केलेली होती, त्यामुळे स्वतःच्या बांधावरचा वेळू तोडून नेतानाही शेतकऱ्याला परवाने लागत. वनाबाहेरच्या वेळूपुरती ही अट नोव्हेंबर २०१७ च्या अध्यादेशाने गेली. त्याआधी २०११ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा ग्रामसभेला आपला वेळू स्वतः विकण्याचा आणि वाहतूक परवाना देण्याचा अधिकार मिळाला, त्याला किती वर्षांची चिकाटी लागली हे त्या गावालाच ठाऊक. मागणीही आहे. आपल्या देरासरात रोज जळणाऱ्या उदबत्तीची काडी कित्येक वर्षे बोटीतून व्हिएतनाम आणि चीनमधून येत होती. २०२० च्या जूनमध्ये तिच्यावरचे आयात शुल्क १० वरून २५ टक्के झाले, तेव्हा कुठे देशी काडीकडे लक्ष गेले. पण उदबत्तीच्या काडीला पातळ, सरळ तंतूचा, लांब पेराचा वेळू हवा. परातीला, फळीला, टेकूला वेगवेगळा. 'वेळू' नावाचा माल बाजारात नसतो, जसा 'मसाला' नावाचा माल नसतो. महाकाय वेळूचे खोड एका माणसाला उचलवत नाही. ते कापायचे, वाहायचे, चिरायचे, टाकणखार आणि बोरिक आम्लाच्या पाण्यात मुरवायचे, तर जवळ कारखाना हवा. ओला वेळू शंभर कोस नेला तर भाडे मालाला खाते.

हे सगळे बोलणे ओसरीवर चालले असताना बाई, म्हणजे माझ्या आई, आतून ऐकत होत्या. वय नव्वदीकडे, बारा व्रते घेतलेली. बाहेर येऊन त्यांनी एकच विचारले, "तोडायचा धंदा करणार, की लावायचा?"

श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्म येते, हे पुतण्यालाही माहीत होते. तो म्हणाला, "बाई, वेळू तोडला तर बेट मरत नाही. उलट जुनी खोडे काढली नाहीत तर आत कोंबांना जागा राहत नाही."

"मग कोंब विकशील?"

यावर मात्र तो गप्प झाला. पत्रकाच्या कोष्टकात कोंबांचे उत्पन्न वेगळ्या रकान्यात धरलेले होते, पूर्वेकडच्या देशांत त्याला मोठा भाव आहे म्हणून. विदर्भात ज्याला वास्ते म्हणतात ती भाजी आपल्या बत्तीस अनंतकायांच्या यादीत वंशकरीर या नावाने स्पष्ट आलेली आहे, आणि आमच्या घरात ती कधी शिजलेली नाही. पुतण्याने पेन काढले आणि तो रकाना खोडला. खालची बेरीज बरीच उतरली. तोडीबद्दल बाईंचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. त्या म्हणाल्या, महाराजसाहेब चातुर्मासाला येतील तेव्हा विचारीन. त्यांनी विचारले आणि जे उत्तर मिळाले ते स्वतःपुरते ठेवले.

कंपनीकडे आमचे तीन प्रश्न गेले. पंधरा दिवसांनी उत्तर आले. त्यात एक नवे पत्रक होते, पहिल्याहून जाड कागदावर, आणि मुखपृष्ठावरचा वेळूही पहिल्याहून जाड. प्रश्नांचा उल्लेख नव्हता.

त्यानंतर काय झाले ते थोडक्यात सांगतो. अकरा एकर दिली नाही. मात्र पुतण्याच्या डोक्यातून वेळू गेला नाही, आणि जाऊ नये असे मलाही वाटत होते. तरुण माणसाने दुकानाबाहेर पाहिले तर त्याला टोकायचे तरी किती. चौकशी करता करता त्याला मानवेलाची बीपासून केलेली रोपे मिळाली. जंगलातला मानवेल फुलून गेल्यावर गोळा केलेले बी, त्याची रोपे, आणि देणाऱ्याने न विचारता बी गोळा केल्याचे साल सांगितले. मानवेल महाकाय नाही. जेमतेम पन्नास फूट जातो, व्यास तीन-चार इंच, पण कोरड्या मुलखात तग धरतो आणि खोड भरीव असते. अशी साठ रोपे त्याने ओढ्याच्या काठाने लावली, जिथे दर पावसाळ्यात आमचा बांध खचतो. नऊ गेली, एक्कावन्न आहेत.

त्याने त्यांची एक वही केली आहे. लाल कापडी पुठ्ठ्याची, दुकानातल्यासारखीच. पहिल्या पानावर स्वस्तिक, शुभ-लाभ, आणि पुढे प्रत्येक रोपाला एक ओळ. लावल्याची तारीख, जागा, पहिल्या पावसाळ्यातल्या काड्यांची संख्या. डावीकडच्या पहिल्या रकान्याला त्याने 'जन्मसाल' असा मथळा दिला आहे आणि तिथे लावल्याचे नव्हे, बीजाचे साल लिहिले आहे. गेल्या रविवारी बाईंनी ती वही मागवून घेतली, भिंग लावून पाने उलटली आणि त्याला विचारले की हे फुलेल तेव्हा तू किती वर्षांचा असशील. त्याने बोटांवर मोजले. चाळीस वर्षे धरली तर अडुसष्ट. बाईंनी वही मिटली आणि ती दुकानाच्या जुन्या वह्यांबरोबर, वरच्या फळीवर ठेवायला सांगितली, उंदीर लागणार नाही अशी.